जोडीदाराचे पारपत्र आणि पुन्हा येण्याची मुभा

युरोपीय नागरिकाशी विवाह केलेल्या, परंतु स्वतः युरोपबाहेरच्या देशाचे पारपत्र म्हणजे पासपोर्ट बाळगणाऱ्या स्त्री-पुरुषांना तिकडे ये-जा करण्यासाठी जो व्हिसा घ्यावा लागतो, त्याचे दोन प्रकार सर्वपरिचित आहेत. एकदा सीमा ओलांडली की संपतो तो एकप्रवेश व्हिसा, आणि ठरावीक मुदतीत कितीही वेळा आत-बाहेर करू देतो तो बहुप्रवेश व्हिसा, ज्याला बोलताना सगळेच ‘मल्टिपल एन्ट्री’ म्हणतात. वरवर पाहता हा निव्वळ कारकुनी भेद आहे. तथापि तो कसा आणि कोणासाठी निर्माण झाला याचा मागोवा घेऊ लागले की विवाहित स्त्रीच्या नागरिकत्वाचा, मजुरांच्या स्थलांतराचा आणि सीमेवरील पहाऱ्याचा, असे तीन निरनिराळे इतिहास एकमेकांत गुंतलेले आढळतात. त्यांपैकी पहिला सहसा विसरला जातो, आणि त्यामुळे कायद्याच्या लेखी ‘परदेशी जोडीदार’ ही व्यक्तीच मुळात फार जुनी नाही, ही गोष्ट ध्यानात येत नाही.

एकोणिसाव्या शतकातील युरोपात परदेशी पत्नी अशी कोणी उरतच नसे. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेने, जी नेपोलियनच्या नावाने ओळखली जाते, परदेशी स्त्रीने फ्रेंच पुरुषाशी लग्न केल्यास ती फ्रेंच होईल आणि फ्रेंच स्त्रीने परक्याशी लग्न केल्यास ती फ्रेंच राहणार नाही, असे ठरवून टाकले. शिवाय पती जेथे राहावयाचे ठरवील तेथे त्याच्यामागून जाणे हे पत्नीचे कर्तव्य मानले. युरोपातील बहुतेक देशांनी थोड्याफार फरकाने हाच कित्ता गिरवला. इंग्लंडने १८४४ च्या कायद्याने ब्रिटिश पुरुषाच्या परदेशी पत्नीला ब्रिटिश करून घेतले आणि १८७० च्या कायद्याने परक्याशी विवाह करणाऱ्या ब्रिटिश स्त्रीचे नागरिकत्व काढून घेतले. लग्नाच्या क्षणीच दोघांचे राष्ट्र एक होत असल्यामुळे पत्नीला पतीच्या देशात प्रवेश द्यावा की नाही, किती वेळा द्यावा, हे प्रश्न संभवतच नव्हते. त्यातच या काळात पारपत्रांचा जाच पश्चिम युरोपातून ओसरत चालला होता. रेल्वेने प्रवासी इतके वाढवले की प्रत्येकाचा कागद तपासणे चौकीदारांना अशक्य झाले, उदारमतवादी व्यापारी वर्गालाही ती तपासणी नकोशी होती, आणि १८६७ साली उत्तर जर्मन महासंघाने आपल्या प्रजाजनांना तसेच परकीयांनाही पारपत्र व व्हिसा बाळगण्याच्या सक्तीतून मोकळे केले. बर्लिन, पॅरिस, लंडन यांच्यामध्ये खिशात कागद नसतानाही हिंडता येई.

१९१४ च्या महायुद्धाने ही व्यवस्था काही आठवड्यांत मोडून पडली. हेर आणि फरारी सैनिक यांच्या भीतीने प्रत्येक देशाने तात्पुरती म्हणून पारपत्राची सक्ती केली, ती पुढे कायमची झाली. आणि लग्नाने राष्ट्र बदलण्याच्या नियमाची क्रूर बाजूही याच काळात उघडी पडली, कारण जर्मन पुरुषाशी विवाह केलेल्या, पण जन्माने आणि भाषेने अस्सल इंग्रज असलेल्या स्त्रिया ब्रिटनमध्ये शत्रुराष्ट्राच्या प्रजाजन ठरल्या. युद्धानंतर, ऑक्टोबर १९२० मध्ये, राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने सर्व देशांसाठी पारपत्राचा एक नमुना सुचवला. ती ३२ पानांची पुस्तिका आजच्या पारपत्रांची आजी म्हणावी लागेल. तिच्यात धारकाच्या वर्णनाशेजारी पत्नीच्या वर्णनाचा रकाना होता. ब्रिटिश पारपत्रात हा रकाना पुढे अनेक दशके टिकला, आणि त्याची मेख अशी होती की संयुक्त पारपत्रावर पती एकटा प्रवास करू शके, पत्नीला मात्र एकटीने ते वापरता येत नसे. पत्नीची ये-जा ही पतीच्या ये-जा करण्याची पुरवणी आहे, ही समजूत इतक्या ठसठशीतपणे छापील स्वरूपात क्वचितच कुठे सापडेल.

या रकान्यातून स्त्री बाहेर पडली ती मताधिकारासाठी झगडणाऱ्या चळवळींमुळे. अमेरिकेने १९२२ साली, फ्रान्सने १९२७ साली परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या आपल्या स्त्रियांना नागरिकत्व राखण्याची मुभा दिली. ब्रिटनने ती १९४८ च्या कायद्याने, प्रत्यक्षात १ जानेवारी १९४९ पासून दिली. संयुक्त राष्ट्रसंघाने २९ जानेवारी १९५७ रोजी विवाहित स्त्रियांच्या नागरिकत्वासंबंधीचा करार संमत केला आणि लग्न झाल्याने वा मोडल्याने स्त्रीचे नागरिकत्व आपोआप बदलणार नाही हे तत्त्व मान्य केले. हा न्याय होता, यात शंका नाही; पण त्याचा एक परिणाम त्याच्या पुरस्कर्त्यांनी फारसा विचारात घेतला नसावा. एका घरात आता दोन पारपत्रे नांदू लागली. ज्या क्षणी पत्नी स्वतःच्या देशाची राहिली, त्याच क्षणी ती पतीच्या देशात परकी झाली, आणि परक्या माणसाला दाराशी थांबवून चौकशी करण्याचा अधिकार राज्यसंस्थेला असतो. आधुनिक युरोपातील परदेशी जोडीदार हे समानतेचे अपत्य आहे.

त्याच १९५७ सालच्या २५ मार्चला सहा देशांनी रोम येथे युरोपीय आर्थिक समुदायाच्या करारावर सह्या केल्या, हा योगायोग असला तरी बोलका आहे. या करारात मजुरांना एका सदस्य देशातून दुसऱ्यात मोकळेपणाने जाता येईल असे वचन होते, आणि त्या वेळी डोळ्यांसमोर होता तो प्रामुख्याने दक्षिण इटलीतून जर्मनी, बेल्जियम वा फ्रान्सच्या कारखान्यांत आणि खाणींत जाणारा कामगार. असा कामगार बायको-मुलांना मागे ठेवून फार काळ टिकत नाही, हे कारखानदारांना ठाऊक होते. म्हणून १५ ऑक्टोबर १९६८ रोजी समुदायाने दोन दस्तऐवज एकाच दिवशी मंजूर केले. पहिला होता विनियम, म्हणजे सर्व सदस्य देशांत थेट लागू होणारा कायदा. त्याच्या दहाव्या कलमाने कामगाराच्या जोडीदाराला, मग त्याचे नागरिकत्व कोणतेही असो, कामगारासोबत राहण्याचा हक्क दिला. दुसरा होता निर्देश, म्हणजे उद्दिष्ट ठरवून देऊन अंमलबजावणीचे तपशील प्रत्येक देशावर सोपवणारा कायदा. त्याने सदस्य देशांच्या नागरिकांना व्हिसातून मुक्त केले, परदेशी जोडीदाराला मात्र व्हिसा मागण्याची परवानगी देशांना ठेवली, आणि असा व्हिसा विनाशुल्क असावा, तो मिळवताना सर्व प्रकारची सोय करून द्यावी, असे बजावले. पुढील अर्धशतकातील झगड्याचे बीज या वाक्यात आहे. हक्क दिला, पण तो हक्क बजावण्यासाठी अर्ज करण्याची अट कायम ठेवली, आणि ‘सोय’ या शब्दाची व्याख्या केली नाही.

या हक्काला पुढे कायदेपंडितांनी साधित हक्क असे म्हटले, म्हणजे जो स्वतःच्या बळावर उभा नसून दुसऱ्याच्या हक्कातून निघतो. मूळ हक्क युरोपीय नागरिकाचा आणि तोही सीमा ओलांडून गेलेल्या नागरिकाचा. जो कधी देश सोडून गेलाच नाही, त्याच्या कुटुंबीयांना युरोपीय कायद्याचा आधार मागता येणार नाही, कारण ती त्या देशाची निव्वळ अंतर्गत बाब आहे, असा निवाडा युरोपीय न्यायालयाने १९८२ साली नेदरलँड्समधील, मूळच्या सुरीनामच्या दोन मातांच्या प्रकरणात दिला. यातून एक विचित्र स्थिती उद्भवली. अॅमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या जर्मन माणसाची भारतीय पत्नी युरोपीय कायद्याच्या छत्राखाली आली, आणि त्याच गल्लीतील डच माणसाची भारतीय पत्नी डच कायद्याच्या मर्जीवर राहिली. स्वदेशात राहणाऱ्या नागरिकाला परक्या नागरिकापेक्षा कमी हक्क असावेत, या प्रकाराला ‘उलटा भेदभाव’ असे नाव पडले. तो आजही संपलेला नाही.

ब्रिटनमध्ये या उलट्या भेदभावाला भारतीय उपखंडाचा संदर्भ होता. तेथे १९८० नंतरच्या नियमांनी परदेशातून येणाऱ्या पतीवर, आपण लग्न मुख्यतः ब्रिटनमध्ये शिरकाव करण्यासाठी केलेले नाही, हे सिद्ध करण्याचा भार टाकला. एखादी गोष्ट आपल्या मनात नव्हती हे कागदोपत्री दाखवणे किती अवघड असते ते सांगावयास नको, आणि ठरवून होणाऱ्या विवाहांकडे मुळातच संशयाने पाहणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे तर ते जवळजवळ अशक्य होते. स्त्रियांना पती आणण्यासाठी पुरुषांहून कडक नियम लावणे हा लिंगभेद आहे, असा निकाल स्ट्रासबूर्ग येथील मानवी हक्क न्यायालयाने १९८५ साली दिला. त्यावर ब्रिटिश सरकारने पतींचे नियम शिथिल करण्याऐवजी पत्नींचे नियम कडक केले आणि समानता साधली. त्या नियमाला वळसा घालणारी वाट दाखवली ती सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाच्या खटल्याने. त्याने १९८२ साली ब्रिटिश स्त्रीशी विवाह केला, १९८३ ते १९८५ या काळात दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि नंतर ते ब्रिटनला परतले. ७ जुलै १९९२ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला किमान तेवढे हक्क मिळाले पाहिजेत, जेवढे त्याला परक्या सदस्य देशात मिळाले असते. एरवी, परत येताना जोडीदार आणता येणार नाही या धास्तीने, नागरिक मुळात बाहेरच पडणार नाही. मायदेशी न्याय मिळवण्यासाठी आधी परदेशी जावे लागणे, ही या निकालातील गंमत म्हणावी की विटंबना, हे वाचकाने ठरवावे.

या वाटेवरून पुढे अनेक देशांतील जोडपी चालत गेली आणि प्रत्येक ठिकाणी तिला स्थानिक नाव मिळाले. डेन्मार्कने २००२ साली दोन्ही जोडीदार २४ वर्षांचे असल्याखेरीज परदेशी जोडीदाराला वास्तव्याची परवानगी न देण्याचा नियम केला, तेव्हा कोपनहेगनमधील तरुण जोडपी दोनच वर्षांपूर्वी खुल्या झालेल्या ओरेसुंड पुलावरून स्वीडनमधील माल्मो येथे बिऱ्हाड हलवू लागली आणि रोज सकाळी नोकरीसाठी पूल ओलांडून परत येऊ लागली. नेदरलँड्सने २००६ पासून येणाऱ्या जोडीदाराची भाषा व समाजाविषयीची परीक्षा परदेशातच घेण्यास सुरुवात केली, त्यावर डच लोकांनी काढलेला उपाय ‘बेल्जियम मार्ग’ म्हणून प्रसिद्ध झाला. काही महिने अँटवर्पसारख्या सीमेलगतच्या गावी घर करायचे आणि युरोपीय नागरिक म्हणून परतायचे. जर्मनीने ऑगस्ट २००७ पासून येणाऱ्या जोडीदाराला व्हिसापूर्वीच जर्मन भाषेचे प्राथमिक, म्हणजे ए-१ पातळीचे, प्रमाणपत्र आवश्यक केले. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनातील जर्मनच्या वर्गांचा या कायद्याशी थेट संबंध आहे, कारण जर्मनीत स्थायिक झालेल्या नवऱ्याकडे वा बायकोकडे जाण्यासाठी हे प्रमाणपत्र हवे असणारे विद्यार्थी अशा वर्गांत येऊन बसू लागले. बर्लिनमध्ये राहणाऱ्या फ्रेंच वा पोलिश नागरिकाच्या मराठी पत्नीला मात्र या परीक्षेची गरज नाही. ती लागते जर्मन नागरिकाच्या मराठी पत्नीला.

येथवरची चर्चा राहण्याच्या हक्काची झाली. ये-जा करण्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो शेंगेन कराराच्या आधी फारच जाचक होता. पश्चिम जर्मनीत कायम राहणाऱ्या भारतीय पत्नीला फ्रान्सला जायचे तर फ्रेंच व्हिसा, बेल्जियमला जायचे तर बेल्जियन व्हिसा, अशी वेगवेगळी दारे ठोठावावी लागत. पॅरिसमधील बाँबस्फोटांनंतर सप्टेंबर १९८६ मध्ये फ्रान्सने युरोपीय समुदाय आणि स्वित्झर्लंड वगळता बहुतेक सर्वांवर व्हिसाची सक्ती लादली, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ब्रिटनने भारतीयांना आधी व्हिसा घेऊनच येण्यास भाग पाडले. योगायोग असा की भिंती उंच होत असतानाच दुसरीकडे त्या पाडण्याचे ठरत होते. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीत नांगरलेल्या एका जहाजावर, पाच देशांनी आपापसांतील सीमातपासणी हळूहळू बंद करण्याचा करार केला. १९ जून १९९० रोजी त्याचा तपशीलवार करारनामा झाला आणि २६ मार्च १९९५ पासून सात देशांत तो अमलात आला. या करारनाम्याने एका सदस्य देशाच्या वास्तव्याच्या परवान्यावर इतर देशांत तीन महिन्यांपर्यंत हिंडण्याची मोकळीक दिली. आखेनमध्ये नांदणारी परदेशी पत्नी आता शेजारच्या मास्ट्रिख्टच्या बाजारात कोणालाही न विचारता जाऊन येऊ शकली. बहुप्रवेशाचा प्रश्न सुटला तो अशा तऱ्हेने, व्हिसा न देताच.

पण सगळेच जोडीदार युरोपात राहत नाहीत. जर्मन वा डच नवऱ्यासह पुण्यात संसार थाटलेली स्त्री, बोटीवर नोकरी करणारा पती, दोन खंडांत विभागलेले निवृत्त जोडपे, सासूच्या आजारपणात वर्षातून तीनदा जावे लागणारी सून, यांच्यासाठी अल्पमुदतीचा व्हिसा हाच मार्ग उरतो. शेंगेनच्या समान व्हिसावर प्रवेशांची संख्या सांगणारा एक छोटा रकाना असतो. तेथे ‘०१’, ‘०२’ किंवा बहुप्रवेश दर्शवणारी ‘मल्ट’ ही अक्षरे छापलेली असतात, आणि जोडप्याच्या पुढील वर्षाचे नियोजन त्या रकान्यावर अवलंबून असते. वास्तव्याची कमाल मर्यादा आधी पहिल्या प्रवेशापासून मोजलेल्या सहा महिन्यांत तीन महिने अशी होती. ऑक्टोबर २०१३ पासून कोणत्याही दिवशी मागे वळून मोजलेल्या १८० दिवसांत ९० दिवस असा सरकता हिशेब आला, जो बोटांवर करता येत नाही, त्यासाठी तक्ता मांडावा लागतो. युरोपात पोहोचून वास्तव्य-परवान्याची वाट पाहणारे जोडीदार आणखी एका कोंडीत होते. राष्ट्रीय दीर्घमुदती व्हिसा, ज्याला ‘डी’ वर्गाचा व्हिसा म्हणतात, तो फक्त त्या एका देशापुरता असल्याने परवाना हातात पडेपर्यंत शेजारच्या देशात पाऊल टाकता येत नसे. ही अडचण ५ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बदलाने दूर झाली.

दरम्यान न्यायालये आणि कायदा दोन्ही पुढे सरकत होते. २५ जुलै २००२ रोजी, बेल्जियममधील वंशविद्वेषविरोधी संघटनेने चालवलेल्या खटल्यात, न्यायालयाने म्हटले की स्वतःची ओळख आणि विवाह सिद्ध करू शकणाऱ्या जोडीदाराला, त्याच्यापासून सुरक्षेला धोका नसेल तर, केवळ व्हिसा नाही एवढ्या कारणाने सीमेवरून परत पाठवता येणार नाही. विमान कंपन्या व्हिसा नसलेल्या प्रवाशाला मुळात चढूच देत नाहीत, त्यामुळे मुंबईच्या विमानतळावर या निकालाचा उपयोग फारसा झाला नसावा. तरीही तत्त्व म्हणून तो मोलाचा होता, आणि २९ एप्रिल २००४ च्या नव्या निर्देशात त्याला जागा मिळाली. १९६८ च्या व्यवस्थेची जागा घेणाऱ्या या निर्देशाने व्हिसा विनाशुल्क, शक्य तितक्या लवकर आणि जलद पद्धतीने द्यावा असे सांगितले, आणि युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाला मिळणारे वास्तव्य-पत्र जवळ असल्यास व्हिसाची गरज नाही असेही ठरवले. शेंगेन व्हिसाच्या छापील अर्जात काही रकान्यांपुढे तारेचे चिन्ह असते. नोकरी, खर्चाची तरतूद अशा विषयांचे हे रकाने, दुसऱ्या सदस्य देशात संचार करणाऱ्या युरोपीय नागरिकाच्या जोडीदाराने भरावयाचे नसतात. तळटिपेत दडलेला त्या चिन्हाचा अर्थ पुष्कळांच्या नजरेतून सुटतो, आणि माणसे सहा महिन्यांचे बँकेचे उतारे जोडत बसतात.

वास्तव्य-पत्र असूनही व्हिसा मागणे कसे चालू राहू शकते, याचे उदाहरण ब्रिटनने घालून दिले. एक ब्रिटिश-आयरिश नागरिक कोलंबियाच्या पत्नीसह स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर राहत होता. पत्नीजवळ स्पेनने दिलेले वास्तव्य-पत्र होते, तरी ब्रिटनमधील त्यांच्या घरी जाण्यासाठी तिला ब्रिटिश ‘कुटुंब-परवाना’ घ्यावा लागे, त्याची मुदत सहा महिने, आणि नूतनीकरणासाठी दर वेळी स्वतः माद्रिदच्या दूतावासात जाऊन आपल्या उत्पन्नाचा व नोकरीचा तपशील भरून द्यावा लागे. बनावट कागदपत्रांचा सुळसुळाट असल्याने सरसकट खबरदारी घ्यावी लागते, हे ब्रिटनचे म्हणणे न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी फेटाळले. व्यक्तिगत वर्तनाचा पुरावा नसताना सर्वांनाच संशयित मानता येणार नाही, असे त्या निकालाचे सार आहे. ब्रिटनने नियम बदलला; पुढे २०२० च्या अखेरीस तो देश या संपूर्ण व्यवस्थेतूनच बाहेर पडला.

ज्यांना हा निर्देश लागू होत नाही, म्हणजे स्वदेशीच राहणाऱ्या युरोपीय नागरिकांचे जोडीदार किंवा युरोपात नोकरी करणाऱ्या भारतीयांना भेटायला जाणारे कुटुंबीय, त्यांचे भवितव्य १३ जुलै २००९ च्या व्हिसा-संहितेने ठरू लागले. तिच्या चोविसाव्या कलमात सहा महिने ते पाच वर्षे मुदतीच्या बहुप्रवेश व्हिसाची तरतूद होती, आणि वारंवार प्रवासाची गरज असणाऱ्यांची उदाहरणे देताना व्यापारी, सरकारी अधिकारी, खलाशी यांच्या पंक्तीला कुटुंबीयांनाही बसवलेले होते. गरज मात्र पुरेशी नव्हती. अर्जदाराची विश्वासार्हता, आणि विशेषतः आधीचे व्हिसा त्याने नियमांत राहून वापरले होते का, हेही पाहावे असे कलम सांगे. येथे व्हिसाचे स्वरूप बदलले. तो पत बनला, सावकाराकडे आधीचे कर्ज वेळेवर फेडून वाढवावी तशी. २०१९ च्या दुरुस्तीने, जी २ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाली, या पतवाढीच्या पायऱ्याच आखून दिल्या : दोन वर्षांत तीन व्हिसा नीट वापरल्यास एक वर्षाचा बहुप्रवेश, त्यानंतर दोन वर्षांचा, त्यानंतर पाच वर्षांचा. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी १८ एप्रिल २०२४ च्या निर्णयाने हा जिना आखूड झाला. तीन वर्षांत दोन व्हिसा योग्य रीतीने वापरल्यास दोन वर्षांचा आणि त्यापुढे, पारपत्राची मुदत पुरेशी असल्यास, पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळावा असे ठरले. भारतीय जोडीदारांना याचा लाभ झाला खरा, पण तो जोडीदार म्हणून झालेला नाही. पर्यटक आणि पत्नी एकाच जिन्यावर उभी आहेत.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी असलेला एक धागा व्यवसायाचा आहे. दूतावासांच्या दारातील रांगा आवरण्यासाठी अर्ज स्वीकारण्याचे काम खाजगी कंपनीकडे सोपवण्याची पद्धत जगभर रूढ करणारी व्हीएफएस ही कंपनी २००१ साली मुंबईत सुरू झाली. २००९ च्या युरोपीय संहितेने अशा बाह्य सेवाकेंद्रांना रीतसर मान्यता दिली. त्यामुळे मुंबईतील आजचा अर्जदार बहुधा युरोपीय अधिकाऱ्याचे तोंडही पाहत नाही. नोव्हेंबर २०१५ पासून भारतातील अर्जदारांच्या बोटांचे ठसे घेतले जाऊ लागले, आणि ते ५९ महिने पुन्हा वापरता येतात, एवढी हेलपाट्यांत बचत झाली.

गोव्याचा संबंध याहून खोल आहे. १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती होण्यापूर्वी गोवा, दमण आणि दीव येथे जन्मलेल्यांना, तसेच त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. भारतीय नागरिकत्व कायद्याचे नववे कलम स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याला भारतीय नागरिक राहू देत नाही, आणि त्यामुळे सासष्टीतील कित्येक घरांत पती पोर्तुगीज व पत्नी भारतीय अशी स्थिती निर्माण झाली, जी युरोपात आधीच दिसू लागली होती. अशा जोडप्यांना एक गोष्ट अनुकूल होती. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचा वारसा सांगणाऱ्या गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी ही रीतच आहे, निबंधकासमोर पहिली सही आणि काही दिवसांनी दुसरी सही झाल्याशिवाय लग्न पुरे होत नाही. त्यामुळे युरोपीय अधिकाऱ्याला हवा असलेला विवाहाचा पुरावा गोव्यातील कुटुंबात आपसूक असतो. उर्वरित भारतात विवाहनोंदणी सक्तीची करावी असे सर्वोच्च न्यायालयाला २००६ साली सांगावे लागले. पोर्तुगीज झालेल्या गोमंतकीयांपैकी बरेच जण पोर्तुगालमध्ये न थांबता इंग्लंडातील स्विंडनसारख्या गावी गेले, आणि ते युरोपीय नागरिक म्हणून परक्या सदस्य देशात राहत असल्यामुळे त्यांच्या भारतीय पत्नींना अशा कुटुंब-परवान्यावर विनाशुल्क प्रवेश मिळाला, जो इंग्रज माणसाच्या भारतीय पत्नीला मिळत नव्हता. ब्रेक्झिटने हा मार्ग नव्याने जाणाऱ्यांसाठी बंद केला.

याच गोमंतकीय पतीला मायभूमीत परतताना भारताचे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे नोंदणीपत्र, घेता येते. ते नावाप्रमाणे नागरिकत्व नसून आजीवन बहुप्रवेश व्हिसा आहे. भारतीय नागरिकाशी विवाह करून तो नोंदवलेल्या युरोपीय जोडीदारालाही दोन वर्षांनंतर त्यासाठी अर्ज करता येतो, आणि घटस्फोट झाल्यास ते रद्द होते. या बाबतीत भारताचा कायदा युरोपपेक्षा उदार आहे, असे निःसंकोचपणे म्हणता येईल. पुण्याच्या सुनेला, ती मूळची म्युनिकची असेल तर, आयुष्यभराची मुभा मिळू शकते, तर म्युनिकच्या सुनेला, ती मूळची पुण्याची असून पुण्यातच राहत असेल तर, फार तर पाच वर्षांची. २००४ च्या निर्देशातील पाचव्या कलमात जोडीदाराचा व्हिसा विनाशुल्क असावा, लवकर मिळावा, जलद पद्धतीने मिळावा, हे सारे लिहिलेले आहे. तो किती वेळा वापरता यावा, याबद्दल त्या कलमात एक शब्दही नाही.